नितनचा दादा

दोन हजार तेवीस साल. मला तेव्हा बहात्तरावं चालू होतं. आमच्या चामराजपेटच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद गिरणीची भिंत आहे. तिच्यावर मीच तरुणपणी सोड्याची जाहिरात रंगवली होती. गिरणी बंद पडली, तो सोडाही बंद पडला आणि भिंतीच्या नव्या मालकाला तिथं शिकवणीच्या वर्गाचं नाव हवं होतं. मी स्टुलावर चढून पत्र्याच्या पट्टीनं जुना रंग खरवडत होतो. तेवढ्यात खालून आवाज आला, "काका, थांबा ना! हे काहून खरवडून राहिले?"

खाली पाहिलं. चाळिशीला टेकलेला माणूस, दाढी वाढलेली, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल. मी म्हटलं, "खरवडून राहत नाही. खरवडून घरी जातो. तुम्ही कोण?"

तो हसला. निखिल बारापात्रे, नागपूरचा. आमच्या शेजारच्या माडीवर नुकताच राहायला आला होता. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, ऑफिस देवनहळ्ळीच्या वाटेवर, पण बहुतेक दिवस घरूनच काम. म्हणाला, "एक फोटो घेऊ द्या, मग खुशाल खरवडा." फोटो घेतला आणि मग भिंतीजवळ येऊन, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसं प्रत्येक अक्षरावरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "जुना काढल्याशिवाय नवा रंग धरत नाही. वर्षभरात पापुद्रे सुटतात."

तो म्हणाला, "आमच्यात काढत नाहीत काका. काढायचं काही नाही, वरून चढवायचं."

"आमच्यात म्हणजे कुणात? तुम्ही पेंटर आहात का?"

"तसंच काहीसं," असं म्हणून तो पिशवी हलवत निघून गेला.

मी फलक रंगवणारा. शाळा म्हणाल तर चौथीत सुटली. पण कानडी, मराठी, इंग्रजी, उर्दू, चारही लिप्या माझ्या ब्रशातून उतरतात आणि इतक्या वर्षांत चुकीचं अक्षर माझ्या हातून उतरलेलं नाही. फ्लेक्स आले, धंदा बसला, तरी कुणाच्या दारी काम मागायला गेलो नाही. त्यामुळे हा माणूस पुढच्या रविवारी गच्चीच्या कठड्यावरून वाकून "काका, मला फलक रंगवून पाहिजेत" म्हणाला, तेव्हा मी विचारलं, "दुकान कुठं आहे?"

"दुकान नाही. मैदान आहे."

"मैदान कुठं आहे?"

त्यानं लॅपटॉप उचलून दाखवला. "यात."

मग त्यानं समजावलं ते मला कळलं तेवढं सांगतो. त्यांच्या लहानपणी कॉम्प्युटरवर खेळायचा क्रिकेटचा एक खेळ निघाला होता. पोरं त्याच्यापायी वेडी झाली. पुढं तो काढणारी कंपनी बुडाली, खेळ मागं पडला, नवे चकचकीत खेळ आले. पण जगभरातल्या काही माणसांना तो जुनाच खेळ सोडवेना. कुणी कराचीत, कुणी कोलंबोत, कुणी इंग्लंडमध्ये, कुणी आपल्याच शहरातल्या येलहंक्यात. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं आपापली नोकरी सांभाळून तो खेळ वर्षानुवर्षं जागता ठेवत होती. नवे खेळाडू घालायचे, नवे कपडे चढवायचे, चेहरे बदलायचे. आता त्यांनी सगळ्याच खेळाला नवं रूप द्यायचं काढलं होतं. त्यात मैदानं निखिलकडं. सीमारेषेवरच्या पाट्या आणि धावफलक त्याला हातानं रंगवलेले हवे होते. "फ्लेक्ससारखे गुळगुळीत नको. ब्रशचा फराटा दिसला पाहिजे," असं तो म्हणाला. त्या वाक्यावर मी काम घेतलं.

पाटीवर काय लिहू, म्हटलं. खऱ्या कंपन्यांची नावं घालायची नव्हती. तो म्हणाला, "तुम्ही रंगवलेल्या आणि बंद पडलेल्या दुकानांची घाला." तेव्हा मी आठवून आठवून लिहिलं. गल्लीतला सायकलवाला, तो सोडा, गिरणी, कोपऱ्यावरचा बँडवाला, माझ्या मेव्हण्याचं टोप्यांचं दुकान. पत्रे वाळले की तो ते गच्चीवर उन्हात मांडायचा, फोटो काढायचा आणि आठवड्याभरानं मला बोलावून दाखवायचा. मैदानात लख्ख ऊन, फलंदाज चेंडू तडकावतोय आणि चेंडू जाऊन माझ्या मेव्हण्याच्या टोप्यांवर आदळतोय. मेव्हणा जाऊन किती वर्षं झाली. घरी येऊन हिला म्हटलं, "तुझ्या भावाला चौकार बसला." ती बिचारी घाबरली.

निखिलची एक खोड होती. भेटेल त्याला नावाचं अक्षर न् अक्षर विचारायचा. फुलवाली असो, रिक्षावाला असो. "नाव कसं लिहिता तुम्ही? एक एल की दोन?" आमच्या फुलवाल्या अक्कानं एकदा मला विचारलं, "अण्णा, हा मनुष्य जनगणनेचा आहे का?" मी त्याला टोकलं तेव्हा म्हणाला, "काका, त्या जुन्या खेळात कंपनीनं खेळाडूंचे हक्क घेतले नव्हते, म्हणून सगळ्यांची नावं मोडूनतोडून घातलेली. लहानपणी फार राग यायचा. चुकीच्या नावाचा माणूस मैदानात आलाच नाही असं वाटतं. आम्ही पहिलं काम केलं ते नावं सुधारायचं." हे मला पटलं. माझ्याही धंद्यात तेच आहे.

बोलणं त्याचं गमतीचं, पण माणूस हसरा नव्हता. हिनं डब्यातून भात पाठवला तर "पुरे पुरे" करायचा. ही वाकून म्हणायची, "स्वल्प अजून घे रे." घ्यायचा आणि तसाच ताट धरून बसायचा. लग्न का केलं नाही, हे विचारल्यावर एकदा म्हणाला, "घरात माणूस कमी झालं की उरलेल्यांचा आवाज कमी होतो काका. मला आता मोठ्यानं बोलताच येत नाही." पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

आमचं भांडण झालं ते धावफलकावरून. मोठा पत्रा होता. काळी जमीन, पांढरी अक्षरं, अकरा गडी आणि खाली बारावा राखीव. तो इंग्रजी अक्षरं सांगत होता, मी लिहीत होतो. अकरा नावं झाली. बाराव्याला तो म्हणाला, "एन, आय, टी, एन. मग बी."

मी ब्रश थांबवला. "मध्ये आय राहिला. नितीन ना? नितीन दातांचा दवाखाना मीच रंगवलाय. हे नितन झालं."

"असंच लिहा."

"चुकीचं नाव मी लिहीत नाही."

"काका, ते चुकीचंच पाहिजे."

"मग दुसऱ्याकडून लिहून घे. मला जन्मभरात जमलं नाही ते तुझ्यासाठी म्हातारपणी नाही करणार." मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला आणि काठी उचलून खाली आलो. त्यानं हाक मारली नाही. बरेच दिवस गच्चीवर दिसलाही नाही. ही म्हणायची, जाऊन बघा तरी. मी कशाला जाऊ? चूक त्याची होती.

एका रविवारी दुपारी तोच आला. आमच्या पायरीवर बसला, चपला न काढता. म्हणाला, "नितीन माझा लहान भाऊ."

खेळात एक सोय होती म्हणे, बाराव्या गड्याचं नाव बदलता यायचं. अकरा वर्षांच्या नितीननं एकदा दादाची नजर चुकवून तिथं स्वतःचं नाव टाकलं. घाईत एक आय राहून गेला. दादानं पकडलं आणि त्या दिवसापासून "ए नितन, ए नितन" म्हणून चिडवायला लागला. पोरगं चिडायचं, पण नाव सुधारू द्यायचं नाही. "नितन तर नितन, संघात आहे ना मी!" दोन वर्षांनी त्याच्या डोक्यात ताप गेला, त्यातून तो उठला नाही. आईला नाव ऐकलं की झटके यायचे, म्हणून घरात ते नाव घेणं बंद झालं. फोटो उतरवले. शाळेतलं दप्तर कुठं गेलं ते निखिलला कधी कळलं नाही.

"पुढं मोठेपणी मला ही मंडळी सापडली," तो म्हणाला. "त्यांची सगळ्या नावांची फाईल एकदा खराब झाली. कुणाकडंच चांगली प्रत नव्हती. माझ्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती, मी ती दिली. तिच्यावरूनच सगळं पुन्हा उभं राहिलं. बाराव्या गड्यासकट. तेव्हापासून जगात जो जो तो खेळ खेळतो त्याच्याकडं नितन आहे. कुणी जखमी झाला की नितन मैदानात येतो. मला विचारतात हा कोण. मी सांगतो, आमच्या घरच्या टायपिंगची चूक आहे, राहू द्या."

"खरं का सांगत नाहीस?"

त्यानं मोबाईल काढून कुणाचातरी निरोप वाचून दाखवला. कोलंबोच्या कुणी लिहिलं होतं की तुमच्या त्या नितननं आज माझा कॅच सोडला, त्याला पहिल्या विमानानं घरी पाठवा. वाचताना निखिल हसत होता. त्याला दात दाखवून हसताना मी तेवढ्या एका वेळीच पाहिलं.

"बघा काका. त्याला शिव्या देऊन राहिले. त्यांना सांगितलं तर कीव करतील. काळी चौकट करतील, मेणबत्ती लावतील. मग तो खेळाडू नाही राहणार, हार घातलेला फोटो होईल. आमच्या घरी तर फोटोही नाही. नाव घ्यायची एवढी एकच जागा आहे. तुम्ही त्या मंडळींत कुणाला सांगू नका."

मी शब्द दिला. तो पाळलाही आहे. त्या मंडळींत मराठी वाचणारा निखिल एकटाच होता, म्हणून इथं लिहितो.

त्याच दुपारी गच्चीवर गेलो आणि लिहिलं. एन, आय, टी, एन. हात अडखळला. आयसाठी ब्रश आपोआप वळत होता, त्याला मनगटानं ओढून धरावं लागलं. निखिल मागं उभा होता. म्हणाला, "बरोबर आलं." चुकीच्या अक्षरांना बरोबर म्हणणारा तेवढा एकच माणूस मला भेटला.

पुढच्या वर्षी आमच्या भागात डेंग्यू फिरला. निखिलला ताप आला तेव्हा तो म्हणाला, साधा आहे, गोळी घेतली आहे. मैदानांचं काम संपत आलं होतं, ते टाकून उठेना. ही ओरडली, मी ओरडलो. "जातो ना काका, जाऊनच राहिलो," म्हणायचा आणि जायचा नाही. शेवटी गल्लीतल्या एका रिक्षावाल्यानं आणि मी त्याला जवळजवळ उचलून नेलं. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. रिक्षात बसताना त्यानं मला विचारलं होतं, "पत्रा आत ठेवला का?" मी म्हटलं, "ठेवला." ठेवला नव्हता. परत येऊन ठेवला.

त्याची आई नागपूरहून आली. बारीकशी बाई. रडली नाही. खोलीतले कपडे, भांडी बांधली. नागपूरहून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरकडं पाहून म्हणाली, "हे नको. याच्यावरच दोघं बसायचे." एवढंच. दोघं म्हणाली. नाव घेतलं नाही. जाताना माझ्या हिचा हात धरून म्हणाली, "दोन्ही वेळा तापच." ही आजही मच्छर दिसला की घर डोक्यावर घेते.

महिनाभरानं एका संध्याकाळी येलहंक्याहून शशिकला आली. बँकेत काम करणारी, पन्नाशीच्या आतली, कानडी बाई. त्या मंडळींत खेळाडूंचे चेहरे करण्याचं काम तिच्याकडं. निखिलच्या तोंडून नाव ऐकलं होतं, पाहत पहिल्यांदाच होतो. कानडीत बोलायची, मी कानडीतच उत्तर देत होतो. ते मराठीत लिहितो.

"पेंटर अण्णा ना तुम्ही? तुम्हाला आम्ही सगळे ओळखतो. निखिल सांगायचा, आमच्या पेंटरच्या हातून जन्मात अक्षर चुकलेलं नाही. खेळाच्या शेवटी नावं येतात त्यात तुमचंही नाव घातलंय आम्ही."

मी बरं म्हटलं. खोटं कशाला सांगू, छाती फुगली.

मग तिनं निखिलच्या घरमालकाकडून तो धावफलकाचा पत्रा आणवला. भिंतीला टेकवून ठेवला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "अण्णा, एवढी एक ओळ दुरुस्त करून द्या. नवा खेळ या आठवड्यात सगळ्यांना द्यायचाय. तो आम्ही निखिलच्या नावानं काढतोय."

"दुरुस्त म्हणजे?"

"हा नितन बी. म्हणजे निखिलच ना! किती वर्षं आम्ही विचारत होतो आणि तो म्हणायचा, माझ्या घरच्या टायपिंगची चूक आहे. बिचाऱ्यानं लहानपणी स्वतःचं नाव टाकलं आणि तेही तप्पु, चुकीचं टाकलं. लाजून कधी सांगितलं नाही. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. निखिल बी., नीट अक्षरांत. बारावा गडी म्हणून तोच राहील कायमचा. नावाभोवती बारीक काळी चौकट करा." असं म्हणता म्हणता तिला रडू फुटलं.

तिला काय सांगणार? खरं सांगितलं तर नितनला चौकट बसते, नाही सांगितलं तर तो पुसला जातो. दोन्हीकडून पोरगं मरतं. शब्द दिलेला, तोही मेलेल्या माणसाला. जिवंत असता तर भांडून परत घेतला असता.

"ठेवून जा," मी म्हटलं. "सकाळी ये."

ही जेवायला वाढत होती. म्हणाली, "एका ओळीचं तर काम, आत्ताच करून द्यायचं होतं." मी पान सारलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्या उजाडल्या पत्रा गच्चीवर नेला. खरवडायची पट्टी शेजारी ठेवली होती, ती उचलली नाही. पॉलिश पेपरही लावला नाही. दोरीला खडू लावून ओळ मारली, डबा ढवळला आणि होत्या त्या अक्षरांवरूनच नवी पांढरी अक्षरं चढवली. एन, आय, टी, एन. मग बी. चौकट केली नाही. या खेपेला हात अडखळला नाही.

शशिकला आली तेव्हा ऊन पत्र्यावर आलं होतं. तिनं पाहिलं, पुन्हा पाहिलं. "अय्यो अण्णा, पुन्हा तेच? अक्षरंही चुकलेलीच."

"चुकली असतील."

"चुकली असतील म्हणजे? तुमच्या हातून चूक होत नाही ना?"

"चौथीत शाळा सुटली माझी. आता म्हातारा झालो, डोळे गेले. झाली चूक."

ही जिन्यात उभी होती. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा नवरा बोलतोय.

"असू दे," शशिकला म्हणाली, "मी कॉम्प्युटरवर नीट करून घेईन."

"बेडा, नको. माझ्या अक्षराला दुसऱ्याचा हात लागायचा नाही. लावायचं तर असंच लाव, नाहीतर माझ्या सगळ्या पाट्या काढ त्या मैदानांतून. आणि फलकावर जे आहे तेच तुमच्या नावांच्या फाईलमध्येही पाहिजे. फलक एक आणि गडी दुसरा, असं चालत नाही."

"मग निखिलचं नाव कुठं?"

"त्याचं नाव कशाला? हार घालणार आहेस?"

हट्टी, अडाणी म्हातारा, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते मी पाहून घेतलं आणि नजर वळवली नाही. शेवटी ती म्हणाली, "सरी अण्णा," आणि फोटो काढायला पत्रा उचलायला वाकली.

"थांब," मी म्हटलं. "ओलं आहे अजून. नावावर बोट लावू नकोस."